माठाखालचे कडे

लिहिणे हे माझे काम नव्हे. आजवर मी कारखान्यातल्या तपासणीचे अहवाल तेवढे लिहिले. पंचेचाळिशी ओलांडल्यावर असे काही लिहायला बसण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल वाचणाऱ्यांची आधीच क्षमा मागते. वाक्य कुठे अडखळले तर ती माझी उणीव समजावी. घडलेल्या गोष्टीत मात्र मी काही कमी-अधिक केलेले नाही.

“घे. वाजव,” विक्रमदादा म्हणाला आणि त्याने डफ माझ्या मांडीवर ठेवला.

जर्मनीतल्या एका शहरात, नदीकाठच्या बारमध्ये आम्ही बसलो होतो. जूनमधला शुक्रवार. जेवणवेळ उलटून गेली तरी पाण्यावर ऊन होते. नवलाख उंबरे या गावातल्या कारखान्यातून कंपनीने मला तिथल्या मुख्य कचेरीत पाठवले होते. विक्रमदादा माझ्याआधी गेलेला. आंदर मावळातल्या आमच्याच गावचा, पाटलांच्या घरातला. त्यांचे घर देवळाला लागून, आमची वस्ती ओढ्यापलीकडे. टेबलाशी पुण्याचे एक जोडपे होते आणि माझ्या विभागातली कारिन.

त्या शहराची रात्र मला आवडू लागली होती, हे सांगताना आजही संकोच वाटतो. मी दारू पीत नाही. सफरचंदाचा रस घेऊन बसत असे. पण तिथल्या लांब बाकावर अनोळखी माणूस शेजारी येऊन बसे, आडनाव न विचारता. ग्लासाला ग्लास लावताना एकमेकांच्या डोळ्यांत बघायचे, हा तिथला रिवाज. पहिल्या वेळी मी मान खाली घातली. कारिन हसून म्हणाली, “पुन्हा. माझ्याकडे बघून.” माझी आजी गावातून जाताना नजर मातीवर ठेवून चालत असे. मला ते बघणे शिकायला कितीतरी शुक्रवार लागले.

त्या बारच्या भिंतीवर वाद्ये टांगलेली असत. कुणीही काढावे, वाजवावे. विक्रमदादाने डफ काढला तेव्हा त्याची दुसरी बिअर संपली होती आणि पुणेरी बोलणे गळून पडले होते.

“आमचं आबा सांगायचं,” तो त्या जोडप्याला म्हणाला, “हिच्या आज्याचं डफडं वाजल्याबिगर यात्रेची पालखी उठत न्हवती. लय भारी हात. रक्तातच हाय यांच्या.”

“अगं, मग लाजतेस काय?” पुण्याची बाई म्हणाली. “थांब, व्हिडिओ काढते. गणपतीत लावू आपण.”

काय चालले आहे, असे कारिनने विचारले. विक्रमदादाने इंग्रजीत सांगितले, हिचे आजोबा गावचे मोठे कलावंत होते. कारिनने कौतुकाने टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच.

गावच्या कलावंताची हकिकत अशी. आजोबा पालखीपुढे वाजवत जात आणि देवळाच्या पायरीशी थांबत. आत जायची मनाई. मोबदला म्हणून उरलेले अन्न वरून पदरात टाकले जाई. छप्पनला त्यांनी धम्म स्वीकारला. पुढच्या यात्रेचे बोलावणे आले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “आता न्हाई वाजवनार.” त्या वर्षी भाताच्या आवणीला, रोपे लावायला, आमच्या बायकांना कुणी बोलावले नाही. बांधावरून गुरे जाऊ दिली नाहीत. वस्तीने कंदमुळांवर दिवस काढले. आजोबांनी डफाचे चामडे कापून टाकले. आजीने उरलेले लोखंडी कडे माठाखाली ठेवले, माठ कलंडू नये म्हणून. आमच्या घरचा माठ आजही त्याच कड्यावर बसतो. त्या माठाचे पाणी पिऊन मी शिकले.

आणि आता डफ माझ्या मांडीवर.

परक्या मुलखात माझी म्हणावी अशी माणसे एवढीच. खोली त्यांनी मिळवून दिलेली. तापात पेज त्यांनी आणून दिलेली. त्यांना दुखवले तर मी एकटी पडणार, हे मला कळत होते. सगळ्यांना खूश ठेवण्याची सवय जुनी. माझी बोटे चामड्यापर्यंत गेलीसुद्धा. गार लागले. बोटे तिथेच थांबली.

मी डफ टेबलावर ठेवला.

“मी वाजवणार नाही.”

“मस्करी केली गं,” विक्रमदादा म्हणाला. “तुमी लोकं लगीच मनाला लावून घेता.”

तुमी लोकं.

मी कारिनकडे वळले आणि माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सावकाश सांगितले. आजोबांना देवळात येऊ देत नसत. वाजवायला नाही म्हणू देत नसत. ते एकदा नाही म्हणाले, तर गावाने आमच्या माणसांना उपाशी ठेवले. याचे आबा, म्हणजे आजोबा, तेव्हा त्या गावचे पाटील होते.

“कशाला तो विषय इथे?” पुण्याच्या बाईने फोन पर्समध्ये टाकला. “छान मूड होता सगळ्यांचा.”

मी रसाचा ग्लास उचलला. विक्रमदादासमोर धरला.

“विक्रम, माझ्याकडे बघ.”

जन्मात पहिल्यांदा मी त्याला दादा म्हटले नाही. तो बिअरच्या रिकाम्या ग्लासाकडे बघत राहिला. कारिनने आपला ग्लास माझ्या ग्लासाला लावला. तिचे डोळे भरले होते, पण हिशेब तिच्याशी नव्हता. मी हात तसाच धरून ठेवला. त्याने शेवटपर्यंत वर बघितले नाही.

पुढच्या शुक्रवारी मला कुणाचा निरोप आला नाही. मी एकटी गेले, त्याच बाकावर बसले. भीती वाटत होती. तरी बसले.

आता मी लोणावळ्यात राहते. आडनाव विचारणारे इथे पावलोपावली भेटतात. पूर्वी मी तालुका सांगून विषय बदलत असे. आता गाव सांगते, ओढा सांगते, ओढ्यापलीकडची वस्ती सांगते आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांत बघत थांबते. आजोबांचा नकार अजून संपलेला नाही. तो मी चालवणार आहे, एकटी पडले तरी.

त्या संध्याकाळी त्या बाकावर तुम्हीही बसला होतात, असे समजा. तुम्ही कुणाकडे बघितले असते?