शेवटची रेघ मोकळी

पाचवीच्या वर्गात माझ्या खुर्चीवरचा टॉवेल एका मुलीने उलटा करून ठेवलेला दिसला, तेव्हा चंद्रिका पहिल्यांदा माझ्या लक्षात आली. विचारलं तर म्हणाली, "बाई, मागनं बघितलं की नक्षी कशी केलीय ते कळतंय." तिचं अक्षर मात्र वाईट होतं, आणि तिच्या घरी ही मोठी अडचण होती.

तिचे वडील शंकरप्पा मूळचे मैंदर्गीचे. थंडाव्याची ओळ लिहिणारा त्यांचा एकच हात आमच्या भागात उरला होता. कागदावर लिहिलेली ही ओळ दारावर लावली की भर वैशाखात घर माठासारखं गार राहायचं. हंगामभर टिकायची, मग शाई उडून जायची. मोहोळ, दुधनीहून माणसं त्यांना घरी न्यायला येऊन बसायची, आणि एका हाताने पुरं पडत नसल्याने निम्मी तशीच परत जायची. चंद्रिकाने लहानपणापासून ती ओळ गिरवली, पण तिच्या हातून कागद नुसता कागदच राहिला.

पुढे ती बसवराज यांच्या चादरीच्या कारखान्यात लागली. मागावरच्या जकार्डसाठी पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची; त्या भोकांवरून माग नक्षी विणतो. त्याच सुमारास शंकरप्पांचा हात कापायला लागला. त्यांच्यामागे ओळ संपणार, हे सगळ्यांना दिसत होतं. चंद्रिकाने वडिलांची एक जुनी ओळ चौकटीच्या कागदावर उतरवली, तिचे पत्ते पाडले आणि बसवराजना म्हणाली, "एक टॉवेल विणून बघू द्या की."

टॉवेल पुरा झाला आणि कारखानाच गारठला. मे महिना होता. कामगार विक्रीच्या चादरी अंगावर घेऊन बसले. बसवराज कानाला मफलर गुंडाळून म्हणाले, "बाई गं, गारवा गिऱ्हाईकाला द्यायचा होता, मला न्हाय." टॉवेल घरी नेला, तोवर त्याच्यात काही उरलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होते. शंकरप्पांनी टॉवेल मांडीवर पसरला आणि हसू दाबत चंद्रिकाला विचारलं, "शेवटची रेघ मी लोकांच्या दारात जाऊन का वडतो, सांग बघू."

"घरच्यांचा मान म्हणून. चहा ठेवत्यात की तवा."

"चहासाटी वाटलं व्हय तुला?" ते म्हणाले. "रेघ पुरी झाली की ओळ कामाला लागती. जितं असंल तितंच."

चंद्रिकाने टॉवेलवरच्या शेवटच्या रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "तेवढी रेघ सोडून विणते, अप्पा."

"आन मग ती वडणार कोण?" शंकरप्पांनी आपला हात पुढे केला. तो थरथरत होता.

आठवड्याने ती दुसरा टॉवेल घेऊन आली. त्यावर रेघेची जागा पांढऱ्या धाग्याच्या फिकट ठिपक्यांनी दाखवली होती. मला वाटलं, माझ्याकडे देईल, मी शिकलेली. तिने सुईदोरा आईच्या, राजाबाईंच्या हातात दिला. त्यांना अक्षरओळख नाही.

"अव्वा, ठिपक्यावरनं टाके घाल."

"मला काय येतंय त्यातलं?"

"गोधडी येती का न्हाय?"

राजाबाईंनी गोधडीचे टाके घातले. मोठे आणि जरा वाकडे. शंकरप्पा सुईकडे एकटक बघत होते, ओठ घट्ट मिटून. शेवटचा टाका पडला. खोलीतला उकाडा हळूहळू ओसरला. भिंतीला पाठ टेकली तर ती ओल्या मातीसारखी गार लागली.

शंकरप्पांनी भिंतीला तळवा लावून पाहिला. मग धोतराचा सोगा पायांवर ओढून बायकोला म्हणाले, "दार लाव की. लई गार केलंस."

मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, पण बायकोकडे असं बघताना पहिल्यांदाच पाहिलं.

आता हे टॉवेल सुईदोऱ्यासकट बाजारात मिळतात, आणि शेवटची रेघ ज्याच्या-त्याच्या घरात कुणीही घालतं. रेघेआधीची सगळी वळणं अजून शंकरप्पांचीच आहेत. त्यांच्या हाताला मात्र आता पाण्याचा पेलाही धरवत नाही. चंद्रिका दुपारच्या सुट्टीत कारखान्यातून घरी येते आणि त्यांना ज्वारीची भाकरी कुस्करून भरवते.