हंसाबाईचा ढब्बू पैसा

बोरी अरबजवळच्या तांड्यात कुणी जुनं नाणं घेऊन दारात आलं, की हंसाबाई 'ये, बस' म्हणायच्या आधी विचारायची, "चिंच लावली का?" हो म्हणणाऱ्या बाईचं मग काही खरं नसे. "तोंडालेबी लाव चिंच, अन् राखेनं घास. उजळ निंघंल!" असं म्हणून ती त्या बाईला चांगली फैलावर घ्यायची, आणि तरीही नाणं ठेवून घ्यायची.

तांड्यातल्या बायकांच्या अंगावर नाणी असायची. गळ्यातल्या हारात, कांचळीवर, ओढणीच्या काठाला. घाम आणि धूर खाऊन ती काळी पडत, तांब्याच्या पैशावर हिरवी खपली धरे. तीज किंवा लग्न आलं की आजूबाजूच्या चार तांड्यांतल्या बायका ती हंसाबाईकडे आणत. तिचं औषध एकच, तिळाचं तेल. नाणं तेलाच्या बरणीत बुडवायचं आणि विसरून जायचं. आठ दिवसांनी काढून मऊ फडक्यानं टिपायचं. तेल हिरवं झालं असेल तर बदलून पुन्हा बुडवायचं. सुटलेली खपली बांबूच्या काडीनं हलकेच उचलायची, सुई किंवा चाकू जवळही आणायचा नाही. शेवटी रिठ्याच्या कोमट पाण्यातून, मग साध्या पाण्यातून काढून जुन्या धोतराच्या फडक्यावर सावलीत सुकवायचं. महिना लागो की दोन. घासायचं मात्र कधीच नाही.

"चमकवाले भांडी हायेत घरात," ती म्हणायची. "पैशावरचं एकदा गेलं का गेलं. मंग काय तुह्या बाप परत आणून देईल?"

एवढा जीव ती दुसऱ्यांच्या नाण्यांना लावायची, कारण तिचं स्वतःचं एक नाणं होतं. आईनं लग्नात दिलेला जाड तांब्याचा ढब्बू पैसा, चांदीच्या रुपयांच्या हारात मधोमध ओवलेला. तिच्या माहेरची एक रीत होती. मूल झालं की पाचव्या दिवशी आईनं आरीच्या टोकानं आपल्या नाण्यावर एक ठिपका ठोकायचा. हंसाबाईच्या पैशावर चार ठिपके होते. जमनी, लखीराम आणि धावजी, ही तीन लेकरं एकेक वर्षाचीही झाली नाहीत. जमनी झरी जामणीकडच्या जंगलात, लाकूडतोडीच्या मुक्कामावर गेली. तिला पुरलं ती जागासुद्धा पुन्हा सापडली नाही. फोटो नाही, कुठल्या वहीत नाव नाही. होते ते ठिपके. काम करता करता हंसाबाईचा अंगठा त्यांच्यावरून फिरायचा आणि पुढच्या कामाला लागायचा.

अठ्ठावन्न साली तिचा नवरा देवसिंग वारला. तिनं हार उतरवला. रुपये पेटीत टाकले, पण ढब्बू पैसा मिठाच्या मडक्यात पुरला. तिच्या सासरची माणसं पिढ्यान् पिढ्या बैलांवर मीठ वाहणारी. जिवाची वस्तू मिठात ठेवायची, मिठाला कोणी चोर हात लावत नाही, अशी त्या घराची समजूत होती. चार तांड्यांना अक्कल शिकवणाऱ्या बाईला त्या दिवशी एवढंही सुचलं नाही की मीठ तांबं खातं. तीन पावसाळे गेल्यावर तिनं पैसा बाहेर काढला, तर त्याच्यावर हिरव्या फोडांचा थर. ठिपके दिसेनात, अंगठ्याला लागेनात. तिनं स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की सून बसंतीबाई घाबरून शेजारी जाऊन बसली.

मग बरणी भरली. पहिल्या महिन्यात काहीच हललं नाही. दुसऱ्या महिन्यात कडेची खपली सुटली. तिसऱ्यात एक ठिपका अंगठ्याला लागला. जमनीचा. त्या दिवशी हंसाबाई कुणावरही ओरडली नाही.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात गावात नव्या शाळेचं उद्घाटन निघालं. यवतमाळहून साहेब येणार होते आणि तांड्यातल्या बायका नाचणार होत्या. तिचा मुलगा भावसिंग नुकताच ग्रामपंचायतीत निवडून आला होता, त्यामुळे त्याचे पाय जमिनीवर नव्हते. आपल्या बायकोनं सासूचा हार घालून सगळ्यांच्या पुढं नाचावं, असं त्याच्या मनानं घेतलं. हारात मधली जागा रिकामी होती. त्यानं आईला न विचारता बरणीत हात घातला, बाजाराच्या दिवशी दारव्हा गाठलं आणि तिथल्या एका पॉलिशवाल्याला पैसा दिला. त्यानं तो तेजाबात बुडवला आणि वर बारीक रेतीनं घासून दिला.

संध्याकाळी भावसिंगनं तो आईच्या तळहातावर ठेवला. "पाह्य याडी! तू तीन महिन्यांपासून भिजवून राह्यली, त्यानं घडीभरात काम केलं."

पैसा लालभडक चमकत होता. हंसाबाईनं अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. उलटा करून फिरवला. काच चाचपावी तसं सपाट लागत होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं पैसा अंगणात भिरकावला. भावसिंगला वाटलं, न विचारता नेला म्हणून म्हातारी रुसली. त्यानं पैसा उचलला, पुसला आणि हारात ओवायला बायकोकडे दिला.

उद्घाटनाला हंसाबाई गेली. बायका नाचल्या. साहेब भले गृहस्थ होते. बसंतीबाईच्या हाराकडे बघून त्यांनी विचारलं, "इतकं जुनं नाणं, पण किती लखलखीत! कसं ठेवता हो?"

"माह्या याडीचा हात, साहेब," भावसिंग छाती काढून म्हणाला. "आमच्या इकडं सारे नाणे तेच साफ करते."

ते ऐकून हंसाबाई मंडपात उठून उभी राहिली. "खोटं बोलून राह्यला हा! माह्या हात नाई लागला त्याले. माह्या हात लागला असता, तर माहे लेकरं राह्यली असती त्याच्यावर! तेलात ठेवली होती मी, तेलात! तेजाब पाजून मारली यानं!"

नेमका तेव्हाच ढोल पुन्हा सुरू झाला आणि साहेबांना त्यातलं काही उमगलं नाही. म्हातारी भरल्या मनानं आशीर्वाद देतेय असं समजून त्यांनी हात जोडले, आणि त्यांचं बघून मंडप टाळ्या वाजवू लागला. हंसाबाईनं आयुष्यात खूप संताप केला होता, पण त्या टाळ्यांचा आला तेवढा संताप तिला कशाचाच आला नव्हता. ती तशीच मंडपातून निघाली आणि भर उन्हात चालत तांड्यावर आली.

मागोमाग बायकोला घेऊन भावसिंग आला, खाऊ की गिळू करत. "चार लोकांत माहं नाक कापलं तू! अन् कोणते लेकरं? मी एकलाच तं हावो तुले!"

तेव्हा तिनं सांगितलं. पहिल्यांदाच. तिघांची नावं, कोण किती दिवसांचं होतं, कोण कुठं गेलं. भावसिंग ऐकत गेला तसा त्याचा आवाज उतरला. मग त्यानं बायकोच्या गळ्यातला हार मागून घेतला आणि आईपुढं धरला.

"मले काय माहीत, याडी? तू कधी बोललीच नाई. आरी दे, मी आताच्या आता तीन ठिपके ठोकून देतो."

"चार होते."

"तीन गेले म्हणते ना? चौथा कोणाचा?"

"तुह्या," हंसाबाई म्हणाली. "तू झाला तवा पह्यले तीन चाचपले, अन् मंग भीत भीत तुह्या ठोकला. आता चौघंबी सारखेच झाले मले."