एका वेळी एकच गाडी

फणसाच्या आठळ्या कुणी मुद्दाम गोळा करायला जात नाही, फणस खाता खाता त्या आपोआप साठतात. शेजारच्या घरातले किस्सेही तसेच. आमच्या आणि जाधवांच्या अंगणांच्या मधे कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा आहे आणि माझ्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्यांच्या पडवीसमोर. यात माझा काय दोष? आमचे हे म्हणतात, "दोष खिडकीचा नाही, पडदा न लावण्याचा." असू दे. माझं शिक्षण नववीपर्यंत, त्यामुळे गाडीबद्दल काही चुकलं तर सांभाळून घ्या. माणसांबद्दल चुकणार नाही.

*

प्राची ही जाधवांची एकुलती एक मुलगी. देवरूखला शाळेत शिकवते. रोजच्या जाण्यायेण्यासाठी तिनं इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि सगळ्यात जास्त अडचण झाली ती माझी. वाडीत कुणाची गाडी आली हे मी भाजी चिरता चिरता नुसत्या आवाजावरून सांगत असे. ही गाडी म्हणजे मांजर. कधी आली, कधी गेली, पत्ता नाही.

एकदा गडग्याला टेकून मी शालनला, म्हणजे प्राचीच्या आईला, हळूच विचारत होते, की त्या दापोलीच्या स्थळाचं पुढं काय झालं. शालन माझ्या मागं बघत नुसत्या भुवया उडवत होती. मला वाटलं, डोळ्यात काही गेलं असेल.

"काकी, नकार कळवला," मागून गाडीच्या खिडकीतून प्राची म्हणाली.

तेव्हापासून ती वळणावर हॉर्न वाजवते. खास माझ्यासाठी!

*

प्राचीचे वडील सुभाषभाऊ. सगळा जन्म एसटी चालवली. दोन-तीन वर्षांमागं भरलेली गाडी घेऊन निघालेले असताना त्यांचा डावा हात अचानक बधिर झाला. त्यांनी गाडी बाजूला घेतली, ब्रेक ओढला आणि मग स्टिअरिंगवर डोकं टेकलं. एकाही प्रवाशाला खरचटलं नाही. लोक हार घेऊन हॉस्पिटलात आले. भाऊंना तो हार बघवेना.

"पुढचं वळण घाटाचं होतं," एवढंच म्हणत राहिले.

डाव्या हातापायात निम्मंअर्धं बळ परत आलं, पण नोकरी गेली ती गेलीच. आणि भाऊंनी एक धरून ठेवलं. "माझ्या गाडीत आता कुणी बसायचं नाय." अहो, पण गाडी चालवतंय कोण? तरी तेच. जत्रेतल्या पोरासारखा हसरा माणूस, पण पडवीत खुर्ची टाकून रस्त्याकडे पाठ करून बसायला लागला. शालन दिवसातून एकदा तरी ती खुर्ची फिरवून ठेवायची. थोड्या वेळानं बघावं तर परत पाठ.

प्राचीच्या गाडीतून जायचं झालं तर भाऊ मागच्या सीटवर बसत. पण उजवा पाय कुठला ऐकायला! वळण आलं की मागं बसून ब्रेक दाबायचे.

"बाबा, ब्रेक माझ्याकडे आहे," प्राची म्हणायची.

"मग दाब की."

*

एके दिवशी प्राचीनं घरात सांगितलं, की ती शर्यतीत भाग घेणार आहे. ऑटोक्रॉस म्हणून काहीतरी असतं, शाळेतल्या कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलेलं. शालनच्या तोंडचं पाणी पळालं. आरे-वारेच्या रस्त्यावर पोरं गाड्या उडवतात तसलं काही आपल्या घरात चालायचं नाही, म्हणाली. मी गडगा ओलांडून गेलेच, समजूत घालायला. कुणाची ते ठरलं नव्हतं.

प्राचीनं पडवीत वाळत घातलेल्या सुपाऱ्या घेतल्या, नागमोडी मांडल्या आणि त्यांच्यामधून काड्यापेटी फिरवून दाखवली. मोकळ्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, नारंगी कोन ठेवतात, रस्त्याच्या कामाला असतात तसले. त्यांच्यामधून वळत वळत लवकरात लवकर बाहेर यायचं. कोन पडला की तुमच्या वेळेत भर.

"समोरून कुणी येत नाय?" भाऊंनी खुर्चीतून विचारलं. रस्त्याकडे पाठ होती, पण पडवीकडे तोंड होतं ना!

"नाही बाबा."

"गुरं? सायकलवाला?"

"कुणीच नाही. एका वेळी एकच गाडी. आत आपण एकटेच."

भाऊंनी एक सुपारी उचलली, बघितली, परत जागेवर ठेवली. पण शर्यतीच्या रविवारी आम्ही तयार होऊन अंगणात आलो, तर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते आधीच मागच्या सीटवर बसलेले.

*

शर्यतीच्या सड्यावर नुसता कालवा. गाड्यांच्या सायलेन्सरनी कातळ दणाणत होता. आमची गाडी सुरुवातीच्या रेघेवर गेली तेव्हा बाजूचा एक दाढीवाला म्हणाला, "ही चालू आहे की बंद?" तेवढ्यात झेंडा पडला आणि गाडी अशी सुटली की त्याचं तोंड उघडंच राहिलं. या गाड्यांना वेग घ्यायला वेळच लागत नाही म्हणे.

वेग होता, पण वळणांचा अंदाज कुठं होता? पहिला कोन गेला, दुसरा गेला, मग प्राची भलत्याच वाटेला लागली आणि तिसऱ्या कोनालाही धडकून आली. आम्ही तरी टाळ्या वाजवतोय.

प्राची बाहेर येतेय तोवर शालन दोरीखालून वाकून आत! पदर खोचून एकेक कोन उभा करायला लागली. शिट्ट्या वाजल्या, झेंडेवाला धावत आला. बाई, हे आमच्या पोरांचं काम आहे, म्हणाला.

"माझ्या लेकीनं सांडलंय," शालन म्हणाली. "तुमच्या पोरांनी का उचलायचं?"

*

घरी येताना बॅटरी कमी झाली होती म्हणून एका चहावाल्याच्या प्लगला गाडी लावली. तो म्हणाला, "आधी तुमचा चहा, मग तिचा." बराच वेळ बसलो. निघालो तेव्हा शालन पुढं बसली होती, प्राचीच्या पायांकडे एकटक बघत.

"गो, तुझा डावा पाय नुसता बसूनच आहे की," ती म्हणाली.

"याला क्लच नाही, गिअर नाही. डाव्या पायाला कामच नाही, आई."

मी भाऊंच्या शेजारी होते. त्यांचा डावा हात उजव्या हातात होता. मग ते सावकाश पुढं सरकले आणि दोन्ही सीटच्या मधून डोकं घालून घर येईपर्यंत प्राचीचे पाय बघत राहिले.

*

आपण गाडी चालवावी का, हे भाऊंनी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी तपासलं, दोनदा बोलावलं. रस्त्यावर इतक्यात नको, म्हणाले, पण बंद मैदानात हरकत नाही. एका हातानं फिरवता यावं म्हणून स्टिअरिंगला लट्टूसारखी मूठ बसवली. मग एका संध्याकाळी आमच्याच वाडीच्या सड्यावर कोनांच्या जागी आंब्याची रिकामी क्रेटं मांडली. शालननं विचारलं, मी बाजूला बसू का. भाऊ नको म्हणाले. मी मधे पडले, तर मला म्हणाले, "वैनी, त्या दिवशी एसटीत बाळंतीण होती, माहेरी निघालेली. तिचं पोर अजून माझ्या डोळ्यासमोर आहे. तिघी लांब उभ्या राहा."

राहिलो. भाऊंनी गाडीभोवती चक्कर मारली, चारी टायरना लाथ मारली, आत बसले, पट्टा लावला. गाडी हलेना. आम्ही वाट बघतोय. शालनच्या ओठांचं पुटपुटणं सुरू झालं. घाबरले असतील, म्हणून शेवटी प्राची पळत गेली.

भाऊंनी काच खाली केली. "डबल बेल कोण देणार?"

कितीतरी दिवसांनी त्यांचा विनोद ऐकला. प्राचीनं कंडक्टरसारखं टपावर दोनदा टकटकवलं आणि पाठ फिरवून डोळे पुसले. गाडी बैलगाडीच्या वेगानं, पण एकाही क्रेटला न शिवता फिरून आली. मग रोज संध्याकाळी तेच सुरू झालं. भाऊंना हुरूप आला, खुर्ची रस्त्याकडे फिरली. मात्र गाडीत एकटेच. शालन रोज लांब दगडावर बसून बघायची, आणि ते आले की पाण्याची बाटली द्यायची. बसू का, असं तिनं परत कधी विचारलं नाही.

*

पुढच्या शर्यतीच्या यादीत प्राचीच्या नावाखाली भाऊंचं नाव होतं. संयोजकांनी आधी त्यांना रिकाम्या मैदानात चालवून बघितलं, मग हो म्हणाले. शालननं नवी साडी नेसून गजरा माळला होता. मी म्हटलं, शर्यतीला का लग्नाला? तर नुसती हसली.

झेंडा पडला. भाऊ निघाले, सावकाश. सगळ्यात लांबचा कोन आमच्या बाजूला होता, तिथं दोरीला लागून आम्ही उभ्या. पहिलं वळण साफ, दुसरं साफ. मागच्या वेळचा दाढीवाला म्हणाला, काका जेवणाच्या वेळेपर्यंत पोचतील. पण टाळी त्यानंच पहिली वाजवली. गाडी आमच्या दिशेनं वळली. हेल्मेटमधले भाऊंचे डोळे दिसले आणि शालननं आनंदानं हात वर केला.

गाडी थांबली.

बरोब्बर शालनसमोर. सगळीकडून आरडाओरडा. झेंडेवाला पळत आला, घड्याळ चालू आहे, घड्याळ चालू आहे. भाऊंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. उजवा हात लांब करून, पार आडवे होऊन, त्यांनी डावीकडचं दार उघडलं.

हेल्मेटशिवाय बाईंना बसवता येणार नाही, झेंडेवाला म्हणाला. प्राचीनं स्वतःचं हेल्मेट आईला दिलं. अंबाड्यावर ते बसेना. शालननं तिथंच अंबाडा सोडला, गजरा काढून माझ्या ओंजळीत ठेवला, हेल्मेट घातलं आणि दारापाशी नुसती उभी राहिली. भाऊंच्या तोंडाकडे बघत.

"बस लवकर," भाऊ म्हणाले. "मागं गाड्या खोळंबल्यात."