वोफा दांक्वाचं पहिलं ‘काढा’

इंटरनेटवरच्या त्या विश्वकोशात कुणाबद्दलचा लेख काढून टाकायचा प्रस्ताव आला, की त्यावर सात दिवस चर्चा चालते. आमच्या कुमासी शहरात माणूस गेला की आठवड्यानं सगळे काळे कपडे घालून जमतात. म्हणून तिथे लेख लिहिणाऱ्या आमच्या गटात त्या चर्चेला ‘सातवा’ म्हणायची सवय लागली. आणि सातवा कुणाचाही असो, वोफा दांक्वा एकच शब्द लिहायचा: ‘ठेवा’.

वोफा म्हणजे मामा. माझ्या आईचा तो कुणीच नव्हता, पण गटातल्या सगळ्यांचा मामा होता. जन्मभर त्यानं ट्रोट्रोंवर, म्हणजे आमच्या त्या खटारा प्रवासी गाड्यांवर, अक्षरं रंगवली. हात कापायला लागला तेव्हा ब्रश ठेवला आणि आमच्यात येऊन लेख लिहायला बसला. मी गटातली कसाई. संदर्भ नाही? काढा. वोफा मात्र कुणा विसरलेल्या मुष्टियोद्ध्यासाठी, कुणा सुईणीसाठी जुनी वर्तमानपत्रं धुंडाळत बसायचा.

“अब्राफी, एवढं जगून माणसाच्या नावावर चार ओळीही नकोत का गं?”

“वोफा, तुमचा बोकड मेला तरी तुम्ही त्याचा लेख ठेवाल,” गटातली ओफोरीवा चिडवायची.

“बोकड गुणी असला तर का नाही?”

त्याचा सगळ्यात लाडका लेख तिवा नावाच्या गायिकेवर होता. नाव मी बदललंय. का ते कळेलच. तिचं एकच गाणं गाजलं, ‘दार उघडं ठेव’. होती अंगाई, पण त्यावर अख्खं शहर नाचलं. वोफानं ते शब्द कितीतरी गाड्यांवर रंगवले होते, आणि त्यातल्या निम्म्या गाड्यांची दारं तशीही लागत नव्हती. काम करताना तो तेच गुणगुणायचा. त्या लेखावर परदेशातल्या कुणीतरी चिठ्ठी लावली: पुरेसे संदर्भ नाहीत, काढावा.

वोफाला घास गोड लागेना. तो तडक राजधानीत, आक्राला गेला आणि ग्रंथालयातून दोन जुन्या वर्तमानपत्रांच्या प्रती घेऊन थेट माझ्याकडे आला. दोन्हींत तिवावर पानभर मजकूर होता. “आता बघतो कोण काढतं ते!” तिचं गाव त्यातच सापडलं. बाई हयात होती. नवा फोटोही हवा, म्हणून मी त्याला माझ्या गाडीतून घेऊन गेले.

तिवा अंगणात केंकेचे, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे, गोळे मक्याच्या पानांत गुंडाळत होती. तिनं आम्हाला बसवलं, पाणी दिलं, मग काय काम काढलंत म्हणून विचारलं. वोफानं अगदी फुशारकीनं सगळं सांगितलं, गाड्यांवर रंगवलेल्या शब्दांसकट.

“म्हणजे तो लेख तुमचा?” तिनं हात पुसले. “चर्चमधली पोरं तो वाचून येतात. फोन पुढे धरतात. म्हणतात, गा. परवा एका साखरपुड्यात ते गाणं लावलं आणि मला नाचायला उभं केलं.”

“मानच आहे की तो, एनो, माय!”

“पोर तापानं फणफणलं होतं, तेव्हा त्याच्यासाठी जुळवलं होतं मी ते. इथे लोक नाचत होते आणि तिकडे ते गेलं. पन्नास वर्षं लागली मला हे गाणं कानाआड करायला. तुम्ही एका दिवसात परत आणलंत.”

वोफाचा चेहरा उतरला. पोराची ही गोष्ट लेखात त्यानंच एका ओळीत लिहिली होती.

“पोराची ओळ काढतो. आजच काढतो,” तो चाचरत म्हणाला.

“गाणं म्हणजेच पोर आहे ते, पेंटर. वेगळं कसं करणार?”

“पण मग लोक विसरतील तुम्हाला.”

“विसरू देत. त्याची आठवण ठेवायला मी आहे ना.”

निघताना तिनं केंके बांधून दिलं. माझा जीव गलबलला, आणि मी सहसा गलबलत नाही.

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, “सरळ लिहा, बाईंचीच इच्छा आहे.”

“मग विचारतील, का? आणि ते उत्तर त्या चर्चेत कायमचं राहील. कुणीही वाचेल.”

सातव्याच्या शेवटच्या दिवशी वोफा खांद्यावरून काळं कापड घेऊन आला. गटातली पोरं हसली, त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. कापऱ्या बोटानं त्यानं एकेक अक्षर टाइप केलं: ‘काढा. पुरेसे संदर्भ देता येत नाहीत.’

“अरे, वोफांनी हात टेकले!” ओफोरीवा ओरडली. “एक कागद नाही मिळाला, वोफा? तुम्हाला?”

“टेकले गं बाई,” तो हसला आणि दोन्ही वर्तमानपत्रं असलेली पिशवी पायानं खुर्चीखाली सारली.

संध्याकाळी लेख गेला. वोफा अजून येतो, अजून सगळ्यांना ‘ठेवा’ म्हणतो. फक्त काम करताना गप्प असतो. परवा ओफोरीवानं विचारलं, “वोफा, तुमचं ते गाणं हल्ली ऐकू येत नाही?”

पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, “कुठलं गाणं?”