गाऱ्हाण्यातलं राहिलेलं नाव

चारकोपला कुणाच्या घरी पूजा ठरली, की भटजींच्या आधी दत्ताराम घाडीला निरोप जायचा. भटजी बदलला तरी चालतो, गाऱ्हाणं घालणारा नाही. हातात नारळ धरून तो देवासमोर उभा राहायचा आणि मालवणीत घरातल्या एकेकाचं नाव घेऊन देवाकडे मागणं मागायचा. प्रत्येक मागण्यावर मागच्या सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. चिठ्ठी नाही, कागद नाही. कुणाची सून बाळंत व्हायचीय, कुणाचा पोरगा बारावीला नापास झालाय, कुणाचा गुडघा, कुणाची कोर्टाची तारीख, सगळं डोक्यात. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान पिढ्यान्‌पिढ्या घाड्यांचाच. "बापूस गिरणीत गेलो," तो डोक्याला बोट लावून म्हणायचा, "पण टकली घाड्याचीच."

गाऱ्हाणं झालं की शिरा. गणपतीत एका संध्याकाळी सहा-सात घरं व्हायची आणि प्रत्येक घरी तुपाने थबथबलेली वाटी, वर मोदक. "प्रसादाक नाय म्हणूचा नसता," म्हणत दत्ताराम वाटी बोटाने निपटून घ्यायचा. पंचवीस वर्षांत त्याचं पोट त्याच्या आधी दारातून आत यायला लागलं. लोक कौतुकाने म्हणायचे, घाडीकाका म्हणजे साक्षात बाप्पा.

गेल्या गणपतीत शेजारच्या लवूकडे दत्तारामची बायको मालन नेहमीसारखी मागे उभी होती. लवूच्या मुलीच्या नोकरीचं मागणं दत्तारामने दोनदा मागितलं, शब्दाला शब्द तसंच. लोकांनी दोन्ही वेळा व्हय म्हाराजा म्हटलं. पुढच्या घरी तर दोन वर्षांपूर्वी वारलेल्या म्हाताऱ्याला त्याने शंभर वर्षांचं आयुष्य मागितलं. व्हय म्हाराजा. मालनच्याही तोंडून तेच गेलं, आणि मग तिच्या लक्षात आलं. कुणी ऐकतच नव्हतं. होकार सवयीने येत होता आणि त्या होकारामुळे दत्तारामलाही आपली चूक कळत नव्हती.

"डॉक्टरकडे चला," ती म्हणाली.

"कित्याक? शुगर नॉर्मल इली ना मागच्या खेपेक?"

नॉर्मल कशी आली ते मालनला माहीत होतं. तपासणीच्या आधी चार दिवस कारल्याचा रस, रात्रीचं जेवण बंद, आणि रिपोर्ट हातात पडला की खाली उतरून जिलबी. तो ती परीक्षाच समजायचा.

डॉक्टर संघमित्रा याच वस्तीत वाढलेली. तिने कमरेला टेप लावली, तीन महिन्यांची साखर सांगणारी तपासणी केली, उपाशीपोटीचं इन्सुलिनही तपासलं. रिपोर्ट घेऊन दोघं आली त्या दिवशी तिने त्याला लक्षात ठेवायला पाच शब्द सांगितले आणि दहा मिनिटांनी परत विचारले. दत्तारामला दोन आठवले.

"काका, तीन महिन्यांच्या तपासणीत चार दिवसांचं कारलं लपत नाही," ती म्हणाली. "तुमचं शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं झालंय. ऐकत नाही म्हणून ते आणखी आणखी तयार होतं. मेंदूलाही इन्सुलिन लागतं. तिथेही ते ऐकलं गेलं नाही, की आठवणीचं काम अडखळू शकतं."

"म्हणजे शिऱ्यान माझी टकली खाल्ल्यान?"

"इतकं सरळ नसतं ते. तुमचं विसरणं त्यामुळेच आहे असं मी छातीठोक सांगणार नाही. बी-१२, थायरॉइड बघू, मेंदूच्या डॉक्टरांनाही दाखवू. पण पोट, चालणं, झोप आणि गोड, एवढं आपल्या हातात आहे. ते आजपासून करायचं."

बाहेर पडल्यावर तो म्हणाला, "पोरगी हुशार आसा. पण लहान आसा."

तीन दिवस तो सकाळी चालला. चौथ्या दिवशी एकाकडे सत्यनारायण होता.

"कणभर घ्या जिभेवर," मालनने बजावलं. "तेवढ्यान प्रसाद होता."

"आणि लोकांका काय सांगू? घाडी देवाचो प्रसाद झिडकारता? माका काय एक झालेला नाय. लोक व्हय म्हणतत ना?"

"लोक तुमी काय पण म्हटलात तरी व्हय म्हणतत."

सत्यनारायणाला त्याने वाटी निपटली ती तिच्याकडे बघतच.

मग मुलुंडहून सुबोधचा फोन आला. गावातल्याच ओळखीचा मुलगा, नव्या जागेची पूजा. "काका, आईचं हार्टचं ऑपरेशन झालंय. बाकी काही राहिलं तरी चालेल, पण आईसाठी मागा. ती त्याचीच वाट बघतेय." बसमध्ये मालनने दोनदा आठवण करून दिली. "मी काय शाळेत जातंय?" तो खेकसला.

गाऱ्हाणं झकास रंगलं. सुबोध, त्याची बायको, खालचा वॉचमन, आजूबाजूचे बिऱ्हाडकरू, सगळ्यांसाठी देवाकडे मागून झालं. कोपऱ्यातल्या खुर्चीत सुबोधची आई, वनमालाकाकू, हात जोडून बसल्या होत्या. दत्तारामने नारळ कपाळाला लावला आणि खाली ठेवायला वाकला. झालं होतं. व्हय म्हाराजा.

मालनने म्हटलं नाही.

"थांबा," ती म्हणाली. "काकूंचा नाव रवला."

सगळ्यांच्या माना मालनकडे वळल्या. दत्तारामचे कान लाल झाले. "घेतलंय मी."

"नाय घेतलात."

"घेतलंय ना रे, सुबोध?"

सुबोध फरशीकडे बघायला लागला. मागून कुणीतरी सवयीने "व्हय..." म्हणायला गेला आणि तो शब्द त्याने गिळला.

"नाही घेतलंस रे दत्ता," वनमालाकाकू हळूच म्हणाल्या. "पण घे आता. काय बिघडलं?"

त्याने नारळ पुन्हा उचलला. काकूंसाठी त्याने मागितलं, अडखळत, एकेक शब्द शोधत. लोकांचा होकार या वेळी उशिरा आला. ते ऐकत होते.

शिऱ्याची वाटी आली तेव्हा त्याने नुसते हात जोडले. सुबोधच्या बायकोने दुसऱ्यांदा विचारलंही नाही.

परतीच्या बसने मुलुंड मागे टाकलं. मग रस्त्याकडे बघतच त्याने विचारलं, "खरा सांग. ह्येच्या आधी किती वेळा झाला असा?"

"खूप वेळा."

"गणपतीपासून?"

"गणपतीपासून."

कंडक्टर येऊन पुढे गेला. दत्तारामने तिच्याकडे तोंड वळवलं.

"आणि इतके दिवस तू माझ्यामागे उभी रवान व्हय म्हणीत होतंस?"