तहनाळीखाली तळहात

म्यानाच्या खालच्या टोकाला जी पितळी टोपी असते, तिला तहनाळ म्हणतात. तलवारीचं टोक लाकूड फोडून बाहेर येऊ नये, एवढंच तिचं काम. आता हा शब्द कुणाला ठाऊक नाही. शिंदखेड्याकडच्या आमच्या गल्लीत मात्र तो रोज कानावर पडायचा, कारण चुडामण म्यानं करायचा. मुलगी द्यायची झाली तरी बाया विचारायच्या, "घरनी तहनाळ पक्की शे ना?"

भागाबाई ही चुडामणची बायको. काटक, तोंडाची फटकळ. फळ्या तासणं, सरस उकळणं, वर मखमल ताणून बसवणं, सगळं तीच करायची. तहनाळ मात्र चुडामण ठोकायचा, कारण मान तिथे होता. नवं म्यान देताना एक रीत होती. म्यान उभं धरायचं, कारागिराने टोकाखाली आपला तळहात ठेवायचा आणि मालकाने वरून तलवार जोरात आत हाणायची. हात शाबूत राहिला की माल खरा. रीत कारागिराच्या हाताची, पण चुडामणने लग्न झाल्यापासून बायकोचा हात वापरला. गावाला त्यात काही वावगं वाटलं नाही. गावाला कधी काय वावगं वाटतं म्हणा!

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात रूपसिंग गिराशांच्या मुलाचं लग्न होतं. नवरदेवाच्या तलवारीला नवं म्यान हवं होतं. चुडामणच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू पिकला होता, पण कबूल करील तर तो चुडामण कसला! तहनाळ त्याने चाचपडत ठोकली. भागाबाईने तिच्या खिळ्यावरून बोट फिरवून पाहिलं.

"हाली राह्यनी. खिया बठना नही. माले ठोकू द्या."

"बाईमानूस तहनाळ ठोकी? गाव माले हासी," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मांडवात सगळे जमले. तिने पुन्हा नवऱ्याच्या कानात सांगितलं, तसा त्याने तिचा उजवा हात धरून म्यानाखाली दाबला. रूपसिंगांनी तलवार हाणली. तहनाळ उडाली आणि टोक भागाबाईच्या तळहातातून आरपार गेलं.

ती किंचाळली. रूपसिंगांनी आधी मखमल पाहिली. "लगीनघरमा रगत! अपशकून कया!" ते ओरडले. चुडामणने बायकोच्या मुस्काटात मारली. "तू हात हालाडा!" म्हणाला. चारचौघांनी माना डोलावल्या. हात हलल्याने खिळा कसा निघतो, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. त्या माना धरून पिरगाळाव्यात असं मला आजही वाटतं.

कुणीतरी हळदीचं फडकं तिच्या हाताला गुंडाळलं. चुडामणने तहनाळ परत बसवली. या वेळी नवरदेवाच्या मामाने खिळे धरून दिले.

"दखाड परत," रूपसिंग म्हणाले.

"डावा शे ना आखो," चुडामण बायकोला म्हणाला.

भागाबाईने एकदा सगळ्या मांडवाकडे पाहिलं. सगळे पाहत होते, जागचं कुणी उठलं नाही. मग तिने डावा हात म्यानाखाली धरला आणि डोळे मिटले.

तलवार आत गेली. तहनाळ टिकली. टाळ्या पडल्या, बँड वाजू लागला. "कारागीर असावा तर असा," लोक म्हणाले. रूपसिंगांनी आपल्या हाताने चुडामणला फेटा बांधला. त्याला स्वतःला तो नीट दिसेना, म्हणून रक्ताचं फडकं धरून बसलेल्या बायकोकडे वळून त्याने हसत विचारलं, "मी कसा दिसस?"