यादीतलं सतरावं काम

कुत्री आणायची ठरली त्याच संध्याकाळी मी यादी करायला बसले. यादीशिवाय मला काम सुचत नाही. सांगलीतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी इतकी वर्षं काढली ती याद्यांच्या जोरावरच. घरातही दिवाळीच्या फराळापासून गॅसच्या नळीपर्यंत सगळ्याच्या याद्या फ्रीजवर लावलेल्या असतात. काम झालं की त्यावर रेघ मारते. रेघ मारली की विषय संपला.

कुत्री कडेगावाकडची. माझ्या माहेरच्या रानातली, पण आमची नव्हे. दर वर्षी दिवाळीनंतर कवठे महांकाळच्या बाजूचे मेंढपाळ मेंढरं घेऊन पश्चिमेला निघतात आणि वाटेत तीन-चार आठवडे आमच्या रानात उतरतात. ऊस तुटून गेलेल्या वावरात मेंढरं बसवली की वावराला खत होतं, मेंढरांना पाला मिळतो. हे माझ्या लहानपणापासून चालू आहे. यंदा त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाईची कुत्री उसाच्या ट्रॉलीखाली सापडली. मागचा पाय मोडला. जनावरांच्या डॉक्टरांनी पाय बांधला आणि सांगितलं, जगेल, पण लांबची चाल आता होणार नाही. कळप तर इथून उठला की रोज चालणारा. म्हणजे कळप पुढे जाणार आणि ही मागे, कुठल्या तरी बांधावर, गावातल्या कुत्र्यांच्या तावडीत.

त्या रविवारी मी माहेरी होते. बाई बांधावर कुत्रीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. पांढरी कुत्री, कान तेवढे तांबूस. तिला नाव नव्हतं. बाई नुसतं "आगं" म्हणायची आणि ती कान टवकारायची.

"कुनी ठिवून घेईल का वं ताई हिला?"

"मी ठेवते," मी म्हणाले. मुलगी नोकरीला पुण्यात गेल्यापासून आमचा फ्लॅट रिकामा वाटत होता. "पण मावशी, मला पंधरा दिवस द्या. तयारी करायला लागेल."

"कुत्री ठिवाया तयारी?" ती हसली. "दोन टाइम भाकर टाकली की झालं की!"

तिला काय माहीत फ्लॅट म्हणजे काय. असं माझ्या मनात आलं, हे मला स्पष्ट आठवतं.

यादी सोळा कामांची झाली. गुळगुळीत फरशीवर मोडका पाय घसरू नये म्हणून हॉलपासून गॅलरीपर्यंत रबरी मॅट. गॅलरीच्या गजांना खालून जाळी. कुंड्या वरच्या फळीवर. लवंडणार नाही असं पाण्याचं जड पातेलं. जुनी गादी, तिच्यावर सतरंजी. डॉक्टरांची वेळ, लस, गळ्यातला पट्टा. आल्याबरोबर आंघोळ, गोचिडांच्या औषधानं. शेजारच्या काकूंना आधी सांगणे, नंतर कळलं तर त्या महिनाभर बोलणार नाहीत. सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र.

नवरा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला; माहेरच्या रानातही सगळे त्याला सुभेदारच म्हणतात. तो मॅट कापून देत होता आणि तोंड चालू होतं. "ब्रिगेडियरसाहेब इन्स्पेक्शनला यायचे तेव्हासुद्धा आम्ही एवढी तयारी केली नव्हती. माळावर झोपणारी कुत्री ती. गादी बघून घाबरेल."

"तू सरळ काप," मी म्हणाले.

पत्र घेऊन मी अध्यक्षांकडे गेले. त्यांनी ते दोनदा वाचलं. कुत्रीबद्दल त्यांची तक्रार नव्हती. "पण ताई, ती त्या मेंढरंवाल्यांची ना? आज कुत्री दिली, उद्या ती माणसं बघायला म्हणून येणार. एक आली की चार येणार. लिफ्टमध्ये, जिन्यात. मग लोक मला विचारणार."

"छे छे, कोणी येणार नाही," मी म्हणाले. "मी तसं लिहूनच घेणार आहे."

त्या क्षणापर्यंत असं काही माझ्या डोक्यातही नव्हतं. वाक्य तोंडातून आपोआप निघालं. अध्यक्षांनी मान डोलावून पत्रावर सही केली आणि घरी येऊन मी यादीत सतरावं काम लिहिलं: लिहून घेणे.

आमच्या भागातली माणसं कागदावर फार विश्वास ठेवतात. बांध, विहीर, विहिरीच्या पाण्याची पाळी, सगळं लिहून ठेवायचं. वडील गेल्यावर मीही धाकट्या भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं होतं. बहिणी देतात, मीही दिलं. त्याची प्रत माझ्या फाइलमध्ये होती. तीच समोर ठेवून मी कॉम्प्युटरवर मजकूर टाइप केला. 'मिळकत' होतं तिथं 'कुत्री' घातलं. मी सदर कुत्री स्वखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय देत असून तिच्यावर माझा किंवा माझ्या वारसांचा कोणताही हक्क राहिलेला नाही. वाचताना मलाच थोडं हसू आलं. मग शेवटी एक वाक्य स्वतःचं जोडलं: तसेच यापुढे सदर कुत्रीस भेटण्यासाठी मी येणार नाही.

कारणं माझ्याकडे तयार होती. जुना मालक दिसला की जनावर नव्या घरी रुळत नाही, असं मी कुठेतरी वाचलं होतं. ते खोटं नसेलही. पण टाइप करताना माझ्या डोळ्यांसमोर कुत्री नव्हती. आमची लिफ्ट होती. तिच्यात ती बाई, खांद्यावर घोंगडं, मेंढरांचा वास, आणि शेजारच्या काकूंनी नाकाला लावलेला पदर.

पुढच्या रविवारी दोन प्रती आणि ऑफिसातलं स्टॅम्प पॅड पर्समध्ये घालून मी रानात गेले. बाईनं कागद उलटा धरून पाहिला आणि परत दिला.

"काय लिवलंय वं ह्यात?"

"कुत्री तुम्ही राजीखुशीनं दिली, पुन्हा मागणार नाही, एवढंच."

शेवटचं वाक्य मी वाचलं नाही. विसरले नव्हते. डोळे त्याच्यावरून फिरले आणि मी कागदाची घडी घातली.

"आवं, दिलेलं कुनी माघारी मागतंय व्हय?" ती म्हणाली आणि अंगठा पुढे केला. दोन्ही प्रतींवर मी तो टेकवून घेतला. जांभळी शाई पुसायला तिला काही दिलं नाही. यादीत चिंधी नव्हती. तिनं कुत्रीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दोन्ही कानांच्या मधे जांभळा डाग उमटला. "पुढल्या रैवारी न्या," ती म्हणाली. "तवर पायाला जरा जोर यील."

एक प्रत मी भावाकडे ठेवायला दिली. प्रत दोन ठिकाणी असावी, हा माझा नियम. सांगलीला परतल्यावर सतराव्या कामावर रेघ मारली.

तिसऱ्या रविवारी आम्ही दोघं गाडी घेऊन गेलो. मागच्या सीटवर सतरंजी, पाण्याची बाटली, पट्टा. वावर मोकळं होतं. मेंढरं नव्हती, ती कोंडायच्या जाळ्या नव्हत्या, चुलीचे तीन दगड तेवढे काळे पडून राहिले होते. कुत्री गोठ्यातल्या खांबाला सुती दोरीनं बांधलेली होती. तिच्याजवळ फडक्यात गुंडाळलेल्या चार भाकऱ्या. एकीलाही तिनं तोंड लावलं नव्हतं.

भाऊ दारातच उभा होता. तो माझ्याकडे बघत नव्हता.

"म्हातारी पहाटंच गेली, आक्का. कराडच्या रस्त्यानं."

"का रे? आज न्यायला या म्हणाली होती ना?"

"काल संध्याकाळी आली न म्हणाली, दादा तेवढा कागूद पुन्यांदा वाचून दावा, ताईनं लय घाईनं वाचला. मी वाचला." त्यानं कुत्रीकडे पाहिलं. "शेवटचं कलम ऐकल्यावर म्हणाली, मग उद्या मी कशी थांबू? भेटायचं न्हाई म्हणून आंगठा दिलाय. न्यायच्या टायमाला समोर असलं म्हंजी भेटल्यागतच झालं की."

मी खांबाची दोरी सोडायला वाकले.

"आक्का, ते कशाला घातलंस गं? तुझ्याकडनं मी रान लिहून घेतलं. पण हितं यायचं न्हाई, असं लिहून घेतलं होतं का?"

त्यानं आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर मला उत्तर सुचलं असतं. हक्कसोडावर सही करून मी घरी आले त्या दिवशी भावजयीनं मला पुरणपोळी वाढली होती, आणि पुढच्या प्रत्येक दिवाळीला भाऊ स्वतः मला न्यायला आला होता. त्या कागदातला सगळा मजकूर मी जसाच्या तसा उचलला होता. ते एक वाक्य मात्र कुणाचं उचललेलं नव्हतं. ते माझं होतं.

नवऱ्यानं विचारलं, "कुठलं कलम?" त्यालाही मी सांगितलं नव्हतं. सांगितलं, तेव्हा तो गाडीची किल्ली हातात घेऊन नुसता उभा राहिला. थट्टासुद्धा केली नाही.

"कराडचा रस्ता धर," मी म्हणाले.

कुत्री सतरंजीवर अंग चोरून बसली. अर्ध्या तासात रस्त्याच्या कडेनं चालणारी मेंढरं दिसली. कळपाच्या पुढे दोन घोडी, सामान लादलेली, आणि सगळ्यांच्या मागे ती. गाडी थांबली तसं कुत्रीला कळलं. ती काचेवर पंजे मारायला लागली.

बाईनं आवाज ऐकला आणि तोंड फिरवलं. खरंच पाठ केली आमच्याकडे. डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि शेताकडे बघत उभी राहिली.

मी उतरले. "मावशी, चुकलं माझं. तो कागद मी फाडून टाकते. आत्ता, तुमच्यासमोर." पर्समधली प्रत मी काढलीसुद्धा.

"फाडू नगा." ती अजून पाठमोरीच होती. "माजा आंगठा हाय त्याच्यावर. आंगठा फाडत्यात व्हय?"

"मग मी काय करू?"

"काय करनार? तुमास्नी कागूद लागतोय. आमास्नी न्हाई लागत. ठिवा तुमच्याजवळ."

मेंढरं पुढे जात होती. गाडीत कुत्री कण्हत होती. मी तिथं रस्त्यावर कागद हातात धरून उभी होते, आणि येणारे-जाणारे ट्रॅक्टरवाले बघत होते. "मी तिला खाली उतरवते," मी म्हणाले. "एकदा हात फिरवा तिच्यावर."

आता ती झटक्यात वळली. "उतरवू नगा! उतरली की माज्या मागं चालंल, पाय पुन्हा जाईल. एवढं बी कळंना व्हय तुमास्नी?"

कळलं नव्हतं. सतरा कामांच्या यादीत मला हे सुचलं नव्हतं.

ती गाडीजवळ आली. नवऱ्यानं काच खाली घेतली तेव्हा तिनं हात आत घातला आणि कुत्रीचा कान धरून ठेवला. बराच वेळ. मग हात काढला आणि माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, पण तोंडाच्या कडेला काहीतरी हलत होतं.

"मी भेटाया यायचं न्हाई, असं लिवलंय न्हवं?"

"हो."

"हिनं यायचं न्हाई, असं लिवलंय का?"

"नाही."

"मग झालं की. जेठात आमी माघारी येतू. तुमच्या भावाच्या रानात आसू. तवा हिला घिऊन या." आणि नवऱ्याकडे वळून, "काय वं सुभेदार, बरुबर हाय का न्हाई?"

"बिलकुल बरोबर," तो म्हणाला.

ती कळपामागं निघून गेली. पुन्हा वळून बघितलं नाही.

कुत्री आली. रबरी मॅटवर नीट चालायला लागली. गादीवर बसायला तिला बावीस दिवस लागले, नवऱ्यानं मोजले. आल्याबरोबर आंघोळ हे काम मी आठ दिवस पुढे ढकललं. कानांच्या मधला जांभळा डाग धुऊन काढायला हात धजत नव्हता. शेवटी तो गेला. नाव आम्हीही ठेवलं नाही. नवऱ्यानं "अगं" म्हटलं की आम्ही दोघी मान वळवतो.

अध्यक्ष एकदा जिन्यात भेटले. "कोणी आलं नाही ना बघायला?" त्यांनी विचारलं. "नाही," मी म्हणाले. खरं तेच सांगितलं, आणि तेव्हा मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी रस्त्यावरही वाटली नव्हती.

जेठात भावाचा फोन आला, मेंढरं आली. मी रजा टाकली. गाडीतून उतरल्याबरोबर कुत्री तीन पायांवर धावली. चौथा अजून टेकत नाही. बाई चुलीपाशी होती. तिनं कुत्रीला मांडीत घेतलं, मोडका पाय बोटांनी चाचपून बघितला, पोट बघितलं.

"लय जाड केली की वं हिला!"

"हो, जरा झालीय."

"भाकर घालता का न्हाई?"

"घालते. रोज घालते."

तिनं मान हलवली. मग कुत्रीचे कान कुरवाळत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "कागूद हाय न्हवं नीट?"

"आहे मावशी. फाइलमध्ये आहे."

"जपून ठिवा हां," ती म्हणाली आणि मोठ्यानं हसली. चुलीपाशी बसलेले सगळेच हसले, माझा भाऊही. मला हसता आलं नाही. मी खाली बसले आणि घरून करून आणलेल्या भाकऱ्या पिशवीतून काढून बाईपुढे ठेवल्या. त्या कुत्रीला घालायच्या की माणसांना वाढायच्या, हे तीच ठरवणार होती.